विंडोज १० बंद झालं म्हणून मशीन मोडीत काढू नको

निपाणीहून एका कॉलेजच्या मुलाने विचारलं आहे: "काका, आमच्या तंबाखूच्या दुकानात २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. आय५-६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात, हिशेबाचं टॅली उघडायला आणखी दोन. हे मशीन विंडोज ११ चालवू शकत नाही अशी पाटी सारखी येते. इथले दुकानदार म्हणतात, मोडीत काढा आणि नवीन घ्या. मित्र म्हणतो, रॅम आत्ताच टाक, भाव अजून चढणार. मला बीसीएसाठी लॅपटॉपही घ्यायचा आहे. एआय पीसी घेऊ का? पप्पा म्हणतात, एकाच गोष्टीचे पैसे मिळतील."

आधी निकाल सांगतो. मशीन मोडीत काढू नको. रॅम आत्ता घेऊ नको. त्या डेस्कटॉपला एक एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली चिपची डिस्क, लागते आणि आतून एकदा नीट साफसफाई लागते. विंडोजचं एक काम आहे, ते घरबसल्या होतं. उरलेले पैसे लॅपटॉपला लाव, आणि तो कुठला घ्यायचा ते खाली सांगतो.

मी १९९९ पासून बेळगावात संगणक जुळवतो आणि दुरुस्त करतो. पोट त्यावर चालतंच, पण रात्री शटर ओढून घरी आलो की नवीन प्रोसेसरमध्ये काय आलं, कुठल्या कंपनीने काय बंद केलं, हे वाचल्याशिवाय मला झोप लागत नाही. बातम्या मी अगदी मन लावून वाचतो. पण तुझ्या पप्पांचं मशीन कशासाठी अडून बसलंय ते कुठल्याच बातमीत लिहिलेलं नसतं. ते मशीनलाच विचारावं लागतं, आणि विचारलं की ते सांगतं.

उद्या सकाळी दुकान उघडल्यावर हे कर. मशीन सुरू कर, डेस्कटॉप दिसला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील. टॅली उघड आणि त्या तीन आकड्यांकडे बघत बस. मी पैज लावतो, डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली असेल, सीपीयू वीस-तीसच्या आसपास आणि मेमरी साठ-सत्तर. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय, रॅममध्ये जागा आहे, आणि दोघंही हार्ड डिस्ककडे तोंड करून वाट बघतायत.

हार्ड डिस्क अशी का अडते ते समजून घे. आत तबकडी फिरते, मिनिटाला ७,२०० फेरे. म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी सुईचा दांडा योग्य जागी सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एकदा वाचायला १२-१३ मिलिसेकंद धर. सेकंदाला ऐंशीच्या आसपास वाचनं झाली. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली उचलतं, त्याही तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेल्या. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिथे तेच वाचन ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं. तुझी पाच-सहा मिनिटं अर्ध्या मिनिटावर येतात ती यामुळे. प्रोसेसर तोच, रॅम तीच.

वडगावचे एक साडीचे व्यापारी गेल्या वर्षी मशीन घेऊन आले होते. दुसरीकडे त्यांना ४ जीबीची १६ जीबी रॅम करून दिली होती. मला म्हणाले, "मामा, एवढे पैसे घातले, तरी लई स्लो चालूलंय की." मी त्यांच्यासमोरच टास्क मॅनेजर उघडलं. मेमरी २२ टक्के, डिस्क १००. कॅबिनेटला कान लावला तर हार्ड डिस्क कटकट वाजत होती. आरोग्य बघायचं सॉफ्टवेअर लावलं तर रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) सेक्टरचा आकडा वाढलेला आणि पेंडिंग (वाचताना अडणारे) सेक्टरही शून्य नव्हते. म्हणजे डिस्क आतून मरायला लागली होती, आणि त्यावर त्यांचा सात वर्षांचा हिशेब होता. डेटा वाचला, कारण ते वेळेवर आले. म्हणून तुलाही सांगतो, काहीही करायच्या आधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घे आणि तो पेन ड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी ने. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालव. ०५ (रीअलोकेटेड) आणि सी५ (पेंडिंग) या दोन ओळींपुढचा आकडा शून्य असेल तर ठीक. नसेल तर आजच बॅकअप, उद्या नाही.

तुझ्या बोर्डवर बहुतेक एच११० चिपसेट असेल. त्या काळात आपल्याकडे सहाव्या पिढीबरोबर तोच सर्रास जायचा. त्यावर एम.२ चा, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीचा, खाचा बहुधा नसतो, म्हणून २.५ इंची साटा एसएसडी घे, ती हार्ड डिस्कच्याच वायरीला लागते. एनव्हीएमई, म्हणजे त्या खाच्यात बसणारी नव्या जातीची एसएसडी, सात पट वेगवान असते असं कुणी सांगेल. मोठी फाइल एका सपाट्यात उचलताना ते खरं आहे, साटा सेकंदाला ५५० एमबीवर थांबते आणि जुनी एनव्हीएमईसुद्धा ३,५०० पर्यंत जाते. पण टॅली उघडण्यात तो फरक हाताला जाणवत नाही. दुकानाला २४० किंवा २५६ जीबी पुरे. जुनी १ टीबी डिस्क चांगली निघाली तर तीच बॅकअपला आत राहू दे.

एसएसडी लवकर झिजते ही भीती पप्पांना कुणी घातली असेल तर हिशेब सांग. २४० जीबीच्या साध्या एसएसडीवर साधारण ८० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. दुकानाचं मशीन दिवसाला १० जीबी लिहितं असं धरलं, आणि ते बरंच जास्त धरलं, तरी वर्षाला साडेतीन टेराबाइटच्या थोडं वर. वीस वर्षांचा माल झाला तो.

आता रॅमचा भाव. तुझा मित्र खोटं बोलत नाही, बातमी खरीच आहे. जगात रॅमच्या चिप मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची, एकावर एक थर रचलेली मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला डीडीआर५च्या, म्हणजे आजच्या साध्या रॅमच्या, साधारण तिप्पट वेफर (चिप कोरायच्या सिलिकॉनच्या चकत्या) खर्ची पडतात, आणि त्यात नफा जास्त. साहजिकच कारखाने तिकडे वळले. डीडीआर४, म्हणजे तिच्या आधीची पिढी, बंद करत आणायचं तर आधीच ठरलं होतं, त्यामुळे २०२५च्या मध्यालाच तिचा भाव चढला. वर्ष संपताना सगळ्याच रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ते वाचून मला वाईट वाटलं. क्रुशियलच्या कितीतरी पट्ट्या मी या हातांनी बसवल्यात.

भाव चढले म्हणून धावत सुटायचं की नाही, याचा अनुभव मला तीनदा आला. मी धंद्यात पाऊल टाकलं त्याच वर्षी, सप्टेंबर १९९९ मध्ये, तैवानला मोठा भूकंप झाला आणि रॅम एकदम महागली. तेव्हा ३२ एमबीची पट्टी लोक दागिन्यासारखी हातात धरायचे. २०११ च्या शेवटी थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि काही आठवड्यांत भाव दुप्पट झाले. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डं क्रिप्टो नाण्यांच्या खाणकामात गेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या त्यातल्या मोठ्या नाण्याने ती पद्धतच सोडली आणि तीच कार्डं वापरलेली म्हणून बाजारात लोटली. तिन्ही वेळा ज्यांना वस्तू खरोखर हवी होती त्यांनी चढ्या भावात घेतली, त्यांचं काम झालं. भीतीने जास्तीची घेऊन ठेवली ते अडकले. तू टॅली, ब्राउझर आणि एक्सेल उघडून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघ. ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर रॅमचा विषय तिथेच मिटला.

कधी लागलीच, तर वापरलेली डीडीआर४ निर्धास्त घे. रॅममध्ये झिजणारं काही नसतं, आणि मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं की खोट लपत नाही. तुझा प्रोसेसर मुळात २१३३ च्या वेगाची रॅम मागतो, त्यामुळे ३२०० ची पट्टी महाग घेतलीस तरी ती २१३३ वरच चालणार. आणि खरेदीआधी एकदा पट्टी काढून लेबल वाच. सहाव्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर३एल घेणारे होते. दोन्हींचे खाचे वेगळे असतात, एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही. वापरलेली एसएसडी मात्र किती लिहून झालंय ते बघितल्याशिवाय घेऊ नको, आणि वापरलेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कधीच घेऊ नको.

आपल्याच देशात चिप बनायला लागल्या की हे सगळं स्वस्त होईल, असं गिऱ्हाइकं मला मोठ्या आशेने विचारतात. ती आशा मलाही आहे. गुजरातेत धोलेऱ्याला टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा कारखाना उभा राहतोय, त्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तिथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्राच्या चिप होणार, म्हणजे गाडी, मीटर, डिस्प्ले यांना लागतात त्या. साणंदला मायक्रॉनचा जो प्रकल्प आहे तो बाहेर तयार झालेल्या मेमरीची जुळणी आणि चाचणी करण्याचा. दोन्ही देशाला हवेतच, पोरांना त्यातून कामं मिळतील. पण रॅमचा भाव जागतिक बाजारात ठरतो, त्यामुळे निपाणीच्या दुकानातल्या किमतीवर त्याचा परिणाम शोधू नको.

विंडोजचं बघू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं फुकट अपडेट संपलं. मशीन बंद पडत नाही, टॅली बंद पडत नाही. संपतात ते सुरक्षेचे अपडेट. दुकानाच्या मशीनवर नेट बँकिंग आणि जीएसटीचं पोर्टल उघडत असाल, तर हे सोडून देण्यासारखं नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची ओळ दिसते. आवृत्ती २२एच२ असायला हवी. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या की पैसे लागत नाहीत. ते नको असेल तर ३० डॉलर किंवा १,००० रिवॉर्ड पॉइंट असे पर्याय आहेत. विंडोजच्या आतल्या अँटिव्हायरसच्या यादीचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं कंपनीने सांगितलंय, पण तो आधार अर्धा आहे. मूळ विंडोजमधलं छिद्र त्याने बुजत नाही.

विंडोज ११ आडमार्गाने तुझ्या मशीनवर बसतं. त्याला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, ती तपासणी वगळून टाकणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. मी स्वतः घरच्या जुन्या मशीनवर करून बघितलंय, चालतं. तरी दुकानाच्या मशीनवर करणार नाही. दरवर्षीचं मोठं अपडेट आपसूक येईल याची खात्री नसते, ते हाताने चढवावं लागतं, आणि मार्चअखेरीला हिशेबाच्या गडबडीत ते अडलं तर पप्पा कुणाला फोन करणार?

लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी घालता येणाऱ्या फुकट प्रणालीचा, मी भक्त आहे. माझ्या घरच्या मशीनवर त्यातलं मिंटच आहे, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार आहे. पण टॅली विंडोजचंच. डिजिटल सहीचं टोकन आणि जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवताना घाम निघतो. दुकानात नको. मात्र उद्या हेच मशीन घरी फक्त ब्राउझर, व्हिडिओ आणि लिहिण्यासाठी ठेवलं, तर मिंट घाल आणि आणखी पाच वर्षं वापर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत अशा काही सीएनसी (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी यंत्रं) आहेत ज्यांच्या शेजारचं मशीन अजून विंडोज एक्सपीवर चालतं. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ लाच संपला. त्या मशीनला नेटची वायर कुणी लावत नाही, पेन ड्राइव्ह तपासूनच आत जातो, आणि ते रोज आठ तास माल काढून देतं. ज्याचं काम बाहेरच्या जगाशी नाही त्याला जुनं चालतं. दुकानाच्या मशीनचं काम रोज बँकेशी आहे.

इथे आणखी एक सांगतो, कारण आपल्या भागात हा प्रश्न रोजचा आहे. दुकानाचं बिल मराठीत, अर्ज कन्नडात. शहापूर, खानापूर, चिकोडी, कुठेही जा, डीटीपीवाल्याकडे मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी अशी दोन्ही टायपिंगची सॉफ्टवेअर असतात, आणि फाइल दुसऱ्या मशीनवर गेली की अक्षरांची भाजी होते. तू नव्याने शिकतोयस तर युनिकोड (कुठल्याही मशीनवर तशीच राहणारी अक्षरं) आणि इनस्क्रिप्ट (कीबोर्डची मांडणी) शीक. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना जवळपास एकच. मराठीचा 'क' ज्या बटणावर, कन्नडचा 'क' त्याच बटणावर. बोटं एकदा बसली की विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदलायची आणि तीच बोटं दुसरी भाषा लिहितात. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये दोन्ही कीबोर्ड फुकट आत असतात. सरकारी नोकरीच्या परीक्षेला नुडीची वेगळी मांडणी मागतात, ती तेव्हाची तेव्हा शिकता येते. माझ्या मुलीने महिन्याभरात दोन्ही भाषा टाइप करायला घेतल्या, आणि मला त्याचा तिच्या मार्कांइतकाच आनंद झाला.

आता साफसफाई, आणि ही मी सगळ्यात मन लावून सांगतोय. तुझं दुकान तंबाखूचं आहे. निपाणीहून आलेल्या मशीनचं झाकण उघडलं की मला वासावरूनच कळतं. पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये तपकिरी रंगाचा थर बसलेला असतो, नमद्यासारखा जाड, बोटाने उचलला तर अख्खा चकतीसारखा निघतो. त्यातून हवा जातच नाही. पंखा जीव तोडून फिरतो, प्रोसेसर तरी तापतो, आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. हीटसिंक काढलास तर खालची पेस्ट डबीतल्या वाळलेल्या चुन्यासारखी भुकटी झालेली दिसेल. ती सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवायची आणि हीटसिंकची चार बटणं कर्णरेषेत दाबून बसवायची. एक बटण अर्धवट बसलं तरी तापमान वाढतं, म्हणून बोर्डच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का बघायचं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, नाहीतर तो उलट्या वाऱ्याने सुसाट फिरतो आणि बेअरिंग जातं.

घड्याळ दरवेळी मागे पडत असेल तर बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदल, तीन व्होल्टची असते. पावसाळ्यात मशीन नुसतंच बीप देऊन बंद राहिलं, तर आधी रॅम काढून तिच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरव, भुकटी झटक, परत बसव. खानापूरच्या बाजूला जुलै-ऑगस्टात ओल इतकी असते की या एका कारणाने माझ्याकडे दरवर्षी कितीतरी मशीन येतात.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? जुन्या वाड्यांत, जुन्या दुकानांत हे सर्रास असतं आणि लोक चप्पल घालून काम चालवतात. ते थांबव. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. त्यातला प्रवाह थोडा असतो म्हणून माणूस वाचतो, पण पेन ड्राइव्ह, प्रिंटरचा पोर्ट, बारकोडचा स्कॅनर हे एकेक करून जातात. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घे. दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा.

वळीव गडगडायला लागला की मशीनची पिनच नाही, तर नेटची वायरही काढ. मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या बोर्डांपैकी बरेच विजेच्या प्लगमधून मेलेले नसतात. लॅनच्या वायरमधून आलेला झटका त्यांना संपवतो.

एसएमपीएस तपासायचा असेल तर '४५० वॅट' या मोठ्या अक्षरांकडे बघू नको. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघ. १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर, पंखे आणि डिस्कची मोटर मुख्यतः त्याच ओळीवर चालतात. तुझा प्रोसेसर ६५ वॅटचा, म्हणून चालून गेलंय. कुणी यात ग्राफिक्स कार्ड घालून दे म्हणाला तर आधी हा तक्ता दाखव.

लॅपटॉप. 'एआय पीसी'च्या पाट्या आता सगळीकडे आहेत. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये कोपायलट प्लस म्हणून जी व्याख्या ठरवली त्यात ४० टॉप्सचा एनपीयू (एआयची गणितं करणारा भाग, टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप), १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण लागते. बीसीएत तू सी, जावा, पायथन, डेटाबेस शिकणार. त्यातलं काहीही एनपीयू वापरत नाही. आणि मुलं ब्राउझरमध्ये ज्या एआयला प्रश्न विचारतात तो त्यांच्या लॅपटॉपवर चालतच नसतो, तो चालतो त्याच डेटा सेंटरांत ज्यांनी रॅम महाग केली. म्हणून एनपीयूसाठी वेगळे पैसे देऊ नको. मिळाला तर मिळाला. १६ जीबी रॅम मात्र बघ, अँड्रॉइड स्टुडिओ उघडलास की ८ मध्ये दम निघतो. बजेट तेवढं नसेल तर ८ जीबी आणि एक स्लॉट रिकामा असलेलं मॉडेल घे. रॅम बोर्डवरच डकवलेली असेल आणि स्लॉट नसेल तर ते ८ जीबीचं यंत्र जन्मभर ८ जीबीचंच राहतं. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नको, कंपनीच्या पानावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक टाकून बघ.

पप्पांचे पैसे वाचवायचे असतील तर ऑफिसांतून निघालेले बिझनेस लॅपटॉप घे. थिंकपॅड टी४८० सारख्यात रॅमचे दोन स्लॉट असतात, कीबोर्ड मजबूत असतो. इथे एक फसगत नेहमीची आहे: 'आय७ आहे' एवढंच सांगतात. आडव्या रेषेनंतरचा पहिला आकडा वाच. आय७-७६०० यू म्हणजे सातवी पिढी, दोनच कोअर, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. आय५-८२५० यू म्हणजे आठवी पिढी, चार कोअर, यादीत आहे. नावात आय५ असून दुसराच सरस. घेताना बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन बघ, पासवर्ड मागतो का. मागत असेल तर हात लावू नको, तो कुणाच्या तरी कंपनीने कुलूप घातलेला माल असतो. बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये दिसते, ती समोर काढायला लाव. निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत वजा करून भाव बोल.

निपाणीला कोल्हापूर जवळ, तू तिकडेच जाशील, जा. फक्त एसएसडी दुकानाच्या नावावर घेणार असशील तर पप्पांचा जीएसटी नंबर सांग आणि आयजीएसटी लावलेलं बिल माग. महाराष्ट्राचा एसजीएसटी लागलेलं बिल आणलंस तर कर्नाटकातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळत नाही. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिटचा प्रश्नच नाही. बिल कुठलंही असो, वॉरंटीसाठी त्याचा फोटो काढून ठेव, ती शाई सहा महिन्यांत उडते.

एसएसडी बसवायला बेळगावला आलास तर फक्त कॅबिनेट आण, मॉनिटर आणि वायरी घरी राहू देत. टॅलीचा लायसन्स नंबर आणि पासवर्ड वहीत लिहून आण, नव्या डिस्कवर तो परत चढवावा लागतो. बसमध्ये कॅबिनेट उभा मांडीवर धरू नको, आडवा ठेव, ज्या बाजूला मदरबोर्ड आहे ती बाजू खाली करून. म्हणजे वाटेत खड्ड्यांनी हीटसिंकची बटणं सुटणार नाहीत.